ग्रुपवर आता नुसते गुड मॉर्निंगचे फुलं येते

ताई, नमस्कार.
मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यावरून लिहून राहिली. रोज यवतमाळला अपडाऊन करते, ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम आहे. दोन वर्षांपासून कोरियन ड्रामे पाहते अन् आता तर वेडच लागलं. एकटीनं पाहून मजा येत नाही म्हणून व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, त्यात माझी जाऊबाई, शाळेतली एक मैत्रीण, उपकेंद्रातली नर्सताई अन् कॉलेजात जाणारी चुलत नणंद. सगळ्यांना मोठ्या हौसेनं माझा सगळ्यात आवडता ‘माय मिस्टर’ पाहायला लावला. जाऊबाई पहिल्याच एपिसोडात झोपली. मैत्रीण म्हणे सगळे एकसारखेच दिसते, कोण कोणाचा कोण समजतच नाही. नर्सताई नुसती ‘पाहते पाहते’ म्हणते. अन् मी ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ पाहून राहिली होती तर नणंदेनं त्याचा शेवटच ग्रुपवर टाकून दिला, वरून हसायच्या इमोजी. मी चिडून काहीबाही बोलली. तेव्हापासून ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंगचे फुलं येते. घरी सासूबाई म्हणते, “त्या चिन्यायचे थोबाडं कायले पाहत बसतं रातभर?” ताई, ग्रुप बंद करू का? का अजून एक ड्रामा सुचवून पाहू? कोणता सुचवू? अन् मी स्वतः काय पाहू, माय मिस्टरनंतर काही गोडच लागत नाही.
— अपडाऊनवाली

अवं बाई, ग्रुप काहून बंद करतं? फुलं येऊन राहिले ना अजून. खरंच राग असता तर आतापर्यंत दोघी-तिघी लेफ्ट झाल्या असत्या, अन् नणंद तर सगळ्यात पहिले. मला तर वाटते त्या सगळ्या तुला भिऊन राहिल्या, की काही लिहिलं तर ही लगेच विचारंल, पाहिला का, कुठवर आली, कसा वाटला. पाहिला नसला की माणूस काय लिहिणार, मग गुलाबाचं फूल टाकते अन् मोकळी होते.

माय मिस्टर चांगलाच आहे, त्यात वाद नाही. २०१८ चा, १६ एपिसोडचा, अन् पुढच्या वर्षी तिकडच्या बेकसांग पुरस्कारात, ज्याला टीव्हीवाल्यांमध्ये लय मान आहे, सर्वोत्कृष्ट ड्रामा म्हणून निवडल्या गेला. पण त्याचा पहिला एपिसोड आठव जरा. ऑफिसात लाचेचं पाकीट भलत्याच माणसाकडे येऊन पडते, एक पोरगी आहे ती कोणाशी बोलत नाही, ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या गुपचूप उचलून नेते अन् रात्री त्याच पिते, मागे वसुलीवाला लागलेला, घरी आजी आहे तिला ऐकू येत नाही बोलता येत नाही, अन् हे सगळं अंधारात. कोण चांगलं कोण वाईट ते कळायलाच चार-पाच एपिसोड जाते. एकदा कळलं की मग माणूस उठत नाही हे तुला माहीत आहे कारण तू तिथवर गेली. जाऊबाई कशी जाईल? सध्या सोयाबीन निघून राहिलं, कपाशीची वेचणी लागली, ती बाई दिवसभर वावरात वाकून, घरी येऊन भाकरी टाकून, भांडे घासून रात्री साडेदहाला उशीवर डोकं टेकवते अन् तू तिच्या हातात अंधाऱ्या गल्लीतून चाललेली, न बोलणारी पोरगी देते, खाली इंग्लिश सबटायटल भराभरा पळून राहिले. मी पण झोपली असती.

सुचवणाऱ्या बऱ्याच जणी इथंच घोळ करते. आपल्याला जो सगळ्यात जास्त लागला तोच दुसरीच्या गळ्यात घालते. पण तुला माय मिस्टर लागला तो दोन वर्षं बाकीचे पाहून झाल्यावर, तोवर तुझ्या कानाला ती भाषा बसली होती, त्यांचं हळूहळू बोलणं, मधातच गप्प बसणं, वाकून नमस्कार करणं, सगळं ओळखीचं झालं होतं. त्यांचा तर हा पहिलाच. म्हणून ड्रामा निवडायच्या आधी माणूस पाहत जा. तिच्या हातात फोन किती वाजता येते, तेव्हा डोळे मोकळे असते का फक्त कान मोकळे असते, अन् आतापर्यंत ती काय पाहून रडली किंवा हसली. एवढं कळलं की कोरियावाल्यांनी इतकं करून ठेवलं आहे की प्रत्येकीच्या मापाचं काहीतरी निघतेच.

जाऊबाईला क्रॅश लँडिंग ऑन यू दे. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेला, १६ एपिसोड. दक्षिण कोरियातली मोठ्या घरची श्रीमंत पोरगी पॅराग्लायडिंग करता करता वावटळीत सापडते अन् थेट उत्तर कोरियात जाऊन पडते, झाडावर लटकलेली, खाली बंदूक घेऊन मिलिटरीचा कॅप्टन. एवढं सांगून थांबजो. जाऊबाई स्वतःच म्हणंल, “मंग?” आता सगळ्या दुनियेनं हा ड्रामा त्या दोघांच्या प्रेमासाठी पाहिला, पण मी सांगते, जाऊबाईला मजा येईल ती कॅप्टनच्या गावातल्या बायांची. त्या गावात लाईन जाते, कधीही जाते, अन् कोणाला त्याचं काही वाटत नाही. बाया थंडीच्या आधी घोळक्यानं बसून पत्ताकोबीचं किमची, म्हणजे तिकडचं लोणचं, घालते, नदीवर धुणं धुते, कर्नलच्या बायकोच्या पुढेपुढे करते, अन् कॅप्टनच्या घरात ही नवीन बाई कोण आली याची चौकशी लावते तर बापा, सीबीआय मागं पडंल. एका एपिसोडात आगगाडीच वीज गेल्यानं मधात माळरानावर रात्रभर उभी राहते अन् आजूबाजूचे लोक खायचं, पांघरायचं विकायला डब्यांपाशी धावत येते. रात्रीच्या थ्री फेजसाठी मोटरपंपाजवळ जागणाऱ्या घरच्या बाईला हे काही समजावून सांगावं लागत नाही. ह्युन बिन अन् सन ये-जिन, म्हणजे त्यातला कॅप्टन अन् ती श्रीमंत पोरगी, यांनी २०२२ च्या मार्चमध्ये खरोखर लग्न केलं, ही बातमी मात्र शेवटचा एपिसोड झाल्यावरच दे, तेव्हा ती हातचं काम सोडून लग्नाचे फोटो पाहत बसंल.

दोन गोष्टी आधी करून ठेव. एक, ऑडिओत हिंदी आहे का ते स्वतः पाहून घे, प्रत्येक ड्रामाला नसते, अन् एकाच ड्रामाला एका ठिकाणी असते दुसऱ्या ठिकाणी नसते. तू म्हणशील ओरिजनल आवाजात जी मजा आहे ती डबमध्ये नाही, खरं आहे, मलाही तो आवाज बदललेला खटकते, पण शेंगा फोडता फोडता, भाजी निवडता निवडता पाहणारीचे डोळे हातातल्या कामावर असते, ती सबटायटल कधी वाचंल? तिला गोडी लागू दे, मग ती स्वतःच म्हणंल की याचा खरा आवाज कसा आहे दाखव बरं. दुसरं, रोजचा दीड जीबी तिच्या पोराच्या गेममध्ये संध्याकाळीच संपलेला असते. तू यवतमाळला दुकानात वायफायवर असते ना, मालकाला विचारून दोन एपिसोड कमी क्वालिटीत डाउनलोड करून आण, मोबाईलच्या स्क्रीनवर काही फरक पडत नाही. टेलिग्रामवरच्या फाइलींच्या नादी लागू नको, चोरीचा माल तर आहेच, वरून अकरावा एपिसोड गायब अन् बाराव्याचे सबटायटल भलत्याच ड्रामाचे, नवीन माणूस तिथंच सोडून देते. अन् हो, जाऊबाईसमोर भाऊजीची ह्युन बिनसोबत तुलना गमतीतसुद्धा करू नको. खेड्यात ड्रामे बंद पडायचं ते सगळ्यात मोठं कारण आहे.

आता शाळेतली मैत्रीण. सगळे सारखे दिसते ही तक्रार नवीन पाहणाऱ्या प्रत्येकाची असते, तिला हसू नको. चेहऱ्यांपेक्षा जास्त घोळ नावांचा असते, तिकडं आडनाव पहिले येते अन् किम, ली, पार्क ही तीनच आडनावं देशातल्या चाळीस टक्क्यांवर लोकांची, म्हणजे एका ड्रामात तीन किम निघाले तर नवल नाही. तर पहिले दोन एपिसोड ग्रुपवर खऱ्या नावांच्या भानगडीतच पडू नका, तुमचेच नावं ठेवा, बॉबकटवाली, चष्मेवाला, कायम खात बसणारा. तिसऱ्या एपिसोडपर्यंत खरे नावं आपोआप तोंडात बसते.

अन् तिला रिप्लाय १९८८ दे. आता तू म्हणशील ताईला काही समजते का, चेहरे ओळखू येत नाही म्हणणारीला इतक्या माणसांचा ड्रामा? माणसं खूप आहे, बरोबर, पण घरं पाचच आहे, एकाच गल्लीतले, अन् आपण गावात पोट्टा कसा ओळखतो, ‘गिरणीवाल्याचा मधला’ म्हणून, तसंच तिथं घरावरून माणूस ओळखता येते. एकाचं घड्याळाचं दुकान. एकाला लॉटरी लागली अन् रातोरात गल्लीतला श्रीमंत झाला. एक विधवा बाई, मोठा पोरगा अन् लहानशी पोरगी. एक मास्तर. अन् नायिकेचा बाप बँकेत नोकरीला असून गरीब, कारण दोस्ताला जामीन राहिला अन् कर्ज अंगावर आलं. जामीन राहून बसलेला माणूस आपल्याकडं कोणत्या गावात नाही सांग?

त्यातला पहिल्याच एपिसोडातला एक सीन सांगते, यात काही फुटत नाही. संध्याकाळची वेळ, पाची घरी स्वयंपाक चालू. एक आई पोराच्या हातात भाजीचा कटोरा देते, जा शेजारी देऊन ये. तिथली आई तो रिकामा कसा परत करणार, ती आपल्याकडचं काहीतरी भरून देते. मग दुसऱ्या घरातून तिसऱ्या, तिसऱ्यातून पहिल्या, सगळे पोट्टे हातात कटोरे घेऊन गल्लीत एकमेकांना आडवे येऊन राहिले, वैतागून राहिले, एक जण तर म्हणते की यापेक्षा सगळे एकत्रच का नाही जेवत. शेवटी ज्या घरी एकच भाजी होती त्या घरच्या टेबलावर पाच-सहा प्रकार. एवढंच आहे, बाकी काही घडत नाही. पण संक्रांतीच्या वाणापासून श्रावणातल्या खिरीपर्यंत ज्या बाईनं वाट्या नेऊन देल्या अन् भरून आणल्या तिला तो सीन पुरते.

१९८८ म्हणजे सोल ऑलिम्पिकचं वर्ष. नायिका दोक-सन उद्घाटनाच्या परेडमध्ये मादागास्करची पाटी धरायची म्हणून महिनोन्‌महिने प्रॅक्टिस करते अन् ऐन वेळेवर मादागास्कर येतच नाही, त्या देशानं त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला होता हे खरंच घडलेलं आहे. मधल्या पोरीचं नशीब, दुसरं काय. तिचा वाढदिवससुद्धा मोठ्या बहिणीच्या केकवरच उरकते, अन् एक दिवस ती जी फुटते, घरात मधली असलेल्या कोणत्याही पोरीला तो एपिसोड एकटीनं पाहू देजो.

हा ड्रामा ग्रुपसाठी चांगला याचं कारण वेगळंच आहे. दोक-सनचं पुढं लग्न झालेलं आहे हे सुरुवातीलाच दिसते, पण नवरा गल्लीतल्या पोट्ट्यांपैकी कोण ते शेवटपर्यंत सांगत नाही. २०१५ च्या नोव्हेंबरापासून २०१६ च्या जानेवारीपर्यंत हा कोरियात लागला तेव्हा तिकडच्या पाहणाऱ्यांच्या सरळ सरळ दोन पार्ट्या पडल्या होत्या, एक लॉटरीवाल्याच्या जंग-ह्वानवाली अन् एक घड्याळवाल्याच्या तेकवाली, अन् ते भांडण अजून मिटलं नाही. मी कोणत्या पार्टीची ते सांगत नाही, सांगितलं तर मला पत्रं येईल. तुमच्या ग्रुपवर हेच सुरू कर. दर एपिसोडनंतर प्रत्येकीनं एकच नाव लिहायचं. पहा मग फुलं येते का भांडणं येते. एक सांगून ठेवते, एपिसोड २० आहे अन् लांबच लांब, काही तर दीड तासाच्या वर जाते, तर मैत्रिणीला आधीच सांग की एका बैठकीत संपवायची गरज नाही, अर्धा आज अर्धा उद्या.

तिकडं बहुतेक ड्रामे आठवड्यातून दोनच दिवस लागत आलेले आहे, सोम-मंगळ, बुध-गुरू, नाहीतर शनि-रवि. आपण सगळे एपिसोड एकदम मिळते म्हणून रात्रभर जागून चट्टामट्टा करतो अन् दुसऱ्या दिवशी बोलायला काही उरत नाही, एकीचा संपलेला, एकीचा सुरूच नाही. तुम्ही आठवड्याला दोनच ठेवा. १६ एपिसोडचा ड्रामा दोन महिने पुरते. तू एकटीनं पुढं पळू नको, हे तुलाच सांगून राहिली, कारण तू पळणार. तुला पळायचंच असंल तर दुसरा ड्रामा पहा. अन् दिवाळीच्या आधी सुरू करू नका, आता कोणाला दम आहे? तुरीला शेंगा धरेपर्यंत थांबा.

नर्सताईचं सोपं आहे. ती दिवसभर लसी, गरोदर बायांच्या नोंदी, रजिस्टर अन् ॲपमध्ये माहिती भरत बसते, तिला कोणाचं गहिरं दुःख पाहायला देऊ नको. बऱ्याच जणी अशा वेळी हॉस्पिटल प्लेलिस्ट सुचवते, छान आहे, पाच डॉक्टर दोस्तांचा, पण दवाखान्यातून आलेल्या बाईला पुन्हा दवाखान्यात पाठवायचं का ते तूच ठरव, माझं मत नको. नर्सेसला बहुतेक पोलिसांच्या, तपासाच्या गोष्टी आवडते असा माझा अनुभव आहे. तिला विचार की टीव्हीवर गुन्ह्यांचे कार्यक्रम पाहते का, हो म्हणली तर सिग्नल दे. २०१६ चा, १६ एपिसोड. आजच्या काळातल्या पोलिसाच्या हाती एक जुना वॉकीटॉकी लागते अन् त्यावर वीसेक वर्षांपूर्वीचा एक पोलीस बोलून राहिला. दोघं मिळून न सुटलेल्या केसेस उकलते, पण तिकडं भूतकाळात काही बदललं की इकडं वर्तमानात भलतंच होऊन बसते. त्यातली एक केस ह्वासंगच्या खऱ्या खुनांवर बेतलेली आहे, १९८६ ते १९९१ मध्ये तिथं बायांचे एकामागून एक खून झाले होते अन् ड्रामा आला तोवर खुनी सापडलेला नव्हता. तो २०१९ मध्ये डीएनएवरून कळला, आधीच दुसऱ्या खुनासाठी जेलात होता. हे नर्सताईला सांग, डीएनए म्हटलं की ती कान टवकारंल. पण तिच्यासाठी एक नियम, तिनं काही लिहिलं नाही तर तिला टॅग करून विचारायचं नाही. तिची ड्युटी तिला माहीत.

नणंदेचं काय करायचं? तिनं शेवट फोडला, चूक तिची, पण ती वीस वर्षांची पोरगी आहे, तिला वाटलं काहीतरी भारी सांगून राहिली. तू जे बोलली त्यासाठी एक साधा मेसेज टाक, ग्रुपवर नको, तिला एकटीला, ‘मी जास्तच बोलली, पण मला लय वाईट वाटलं होतं गं, मी अकराव्यावर होती’ एवढं पुरे. मग ग्रुपवर सगळ्यांसाठी एक ठरवा, काही लिहायचं तर आधी ड्रामाचं नाव अन् एपिसोडचा नंबर लिहायचा, खाली आठ-दहा टिंब मारत जायचं अन् मग बोलायचं, ज्यांचं पाहून झालं नाही ते उघडणार नाही. हे राखायचं काम नणंदेलाच दे. ऑडिओ हिंदी आहे का, कुठं फुकट आहे कुठं पैसे लागते, हे शोधायचंही काम तिचं, कॉलेजच्या पोरींना ते आपल्यापेक्षा लवकर सापडते. लव्हली रनर तिनं पाहिला नसंल तर तिला तो दे, २०२४ चा, आपल्या आवडत्या गायकाला वाचवायला एक फॅन पोरगी मागच्या काळात जाते, तिच्या वयाला तो जास्त जुळंल.

अन् ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन तू अर्धवट सोडला असंल तर पूर्ण कर. शेवट कळला म्हणून काही बिघडत नाही, त्या शेवटावरून तर ज्यांना आधी काही माहीत नव्हतं तेही लोक चिडले होते. त्यात पाहण्यासारखं मधातच आहे. १९९८ साल, देशावर कर्जाचं संकट, शाळेची तलवारबाजीची टीमच बंद पडते अन् ती ना ही-दो नावाची पोरगी तरीही अडून बसते. तिची अन् को यू-रिम नावाच्या दुसऱ्या तलवारबाज पोरीची आधी दुश्मनी अन् मग जी दोस्ती होते, माझ्या मते तो ड्रामा त्या दोघींचाच आहे, पोट्टा तोंडी लावायला.

राहिल्या सासूबाई. त्या चिनी म्हणते तर म्हणू दे, भूगोल शिकवत बसू नको. त्यांचा राग फोनवर आहे, रात्री घरात सगळे आपापल्या फोनात अन् त्यांच्याशी कोणी बोलत नाही. त्यांना फोनमधून नाही, टीव्हीवर दाखव, अन् ते पण डे जांग गुम, म्हणजे ज्वेल इन द पॅलेस. २००३ ची जुनी मालिका, ५४ एपिसोड, आपल्याकडं दूरदर्शनवर हिंदीत लागून गेली आहे, कदाचित त्यांनी तेव्हा एखादा भाग पाहिलाही असंल. राजाच्या मुदपाकखान्यात कामाला लागलेली पोरगी पुढं राजवैद्य होते. त्यात लहानगी जांग-गुम मांसाचा तुकडा चाखून सांगते की यात गोडी साखरेची नाही, पिकलेल्या फळाची आहे, कसं ओळखलं विचारलं तर म्हणते, चावताना त्या फळाची चव आली म्हणून म्हटलं. भाजी ढवळतानाच्या वासावरून मीठ सांगणाऱ्या सासूबाई तिथंच बसून राहते का नाही पहा. वरून तिकडच्या स्वयंपाकाचा अर्धा जीव सोयाबीनमध्ये आहे, शिजवतात, कुटून ठोकळे करते, लटकवून वाळवते, मडक्यात महिनोन्‌महिने आंबवते. आपण तेच सोयाबीन कट्टे भरून मार्केटला नेतो अन् भावावरून कपाळाला हात लावून येतो. तुझे सासरे, मामाजीही येऊन बसते एखाद्या दिवशी.

वेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स सासूबाईला लगेच देऊ नको. २०२५ च्या मार्चमध्ये आला, जेजू बेटावरच्या आय-सन अन् ग्वान-शिकची सगळी जिंदगी, म्हाताऱ्या होईपर्यंत, आई समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी. त्यात घरात पुरुषांचं टेबल वेगळं अन् बायांचं वेगळं, अन् नवीन लग्न झालेला ग्वान-शिक जेवता जेवता पुरुषांच्या टेबलाकडे पाठ करून बायकोकडे तोंड करून बसते. काही बोलत नाही, नुसता वळून बसते. हा सीन तुमच्या घरात सासूबाई, जाऊबाई अन् तू तिघी एकत्र बसून पाहणार असाल तेव्हा पुरुष मंडळी जेवून झोपलेली असू दे, नाहीतर कोणी ना कोणी काहीतरी बोलंल अन् सगळा मूड जाईल.

आता तू. माय मिस्टर जिनं लिहिला ना, पार्क हे-यंग, तिचाच २०२२ चा माय लिबरेशन नोट्स पहा. तीन भाऊबहीण, सोलच्या बाहेर खेड्यात राहते, रोज गाडीनं नोकरीला शहरात, रात्री शेवटच्या गाडीनं घरी, आयुष्य सगळं जाण्यायेण्यात चाललं म्हणून रडते, अन् सुट्टीच्या दिवशी बाप आराम करू देत नाही, चला वावरात. त्यांच्याकडं निदान गाड्या वेळेवर आहे, आपली शकुंतला रेल्वे तर बंदच पडली. बापाच्या हाताखाली एक परका माणूस येऊन राहिलेला, मिस्टर गू म्हणते त्याला, तो दिवसभर काम करते, रात्रभर दारू पिते अन् बोलतच नाही, दोन-तीन एपिसोड तर तुला वाटंल की हा ड्रामा पुढं सरकतच नाही, सोडू नको. ग्रुपवर मात्र याचं नावही काढू नको, निदान वर्षभर. हा तुझ्या एकटीचा राहू दे, बसमध्ये खिडकीपाशी इअरफोन लावून पहा, अन् एपिसोड दुकानातून निघायच्या आधीच डाउनलोड करून घेत जा, मधात रेंज जाते.